कावळा, फांदी आणि जनुकाची साक्ष

अर्जेंटिनातल्या रोझारिओ शहरात हुआन अकोस्ता आणि कार्लोस लेदेस्मा या दोन डॉक्टरांनी एक काम अंगावर घेतलं होतं. एरवी ते कुणी आपणहून पत्करलं नसतं. स्वादुपिंडाला अचानक सूज येऊन रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांची विष्ठा रोज गोळा करायची, पाण्याखाली धरून चाळणीतून गाळायची आणि खाली काय उरतं ते पाहायचं. या सगळ्या रुग्णांच्या पित्ताशयात खडे होते. 1974 साली त्यांचे आकडे प्रसिद्ध झाले. अशा 36 रुग्णांपैकी 34 जणांच्या विष्ठेत पित्ताचे खडे सापडले होते. ज्यांना खडे होते पण स्वादुपिंडाची सूज नव्हती, अशा 36 जणांत मात्र ते फक्त तिघांच्या विष्ठेत निघाले.

या चाळणीनं सत्तर वर्षं अडलेला एक प्रश्न सोडवला. 1901 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात यूजीन ओपी यांना एका शवविच्छेदनात पित्तनळी आणि स्वादुपिंडाची नळी जिथे एकत्र येतात त्या तोंडाशी अडकलेला खडा दिसला होता. खडा वाट अडवतो आणि स्वादुपिंड पेटतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पण पुढे शस्त्रक्रियेत बहुतेक रुग्णांमध्ये त्या जागी खडा सापडेना. मग खडा हे कारण मानायचं कसं? रोझारिओच्या चाळणीनं उत्तर दिलं. खडा येतो, काही काळ दार अडवतो आणि निघून जातो. डॉक्टर पोट उघडतात तोवर आरोपी पसार झालेला असतो.

या प्रकरणाचा विषय हाच आहे, पसार झालेल्या आरोपींना ओळखायचं कसं. प्रत्येक आरोपी खड्यासारखा चाळणीत सापडत नाही. दारू, सिगारेट, रक्तातली चरबी, मधुमेह, लठ्ठपणा ही सगळी मंडळी या आजाराच्या आसपास वावरताना दिसतात. त्यातलं खरोखर कोण हात उचलतं आणि कोण नुसतं गर्दीत उभं असतं? आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. रोगांच्या अभ्यासात हा कावळा पावलोपावली भेटतो. गेल्या वीसेक वर्षांत त्याची उलटतपासणी घ्यायला एक नवा साक्षीदार मिळाला आहे. तो म्हणजे आपल्याच पेशींतली जनुकं.

आधी हा अवयव समजून घेऊ. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून, जवळपास वीतभर लांबीचं स्वादुपिंड आडवं पसरलेलं असतं. इन्शुलिन बनवणं हे त्याचं एक काम बहुतेकांना ठाऊक असतं. दुसरं काम पाचकरस तयार करण्याचं. हा रस मांस, मेद, पिष्ट सगळं पचवतो, आणि स्वादुपिंड स्वतःही मांसाचंच बनलेलं आहे. म्हणून निसर्गानं एक सोय केली आहे. प्रथिनं कापणारं ट्रिप्सिन हे विकर स्वादुपिंडात निद्रिस्त रूपात तयार होतं आणि लहान आतड्यात पोचल्यावरच जागं होतं. म्यानातली तलवार रणांगणावरच उपसावी, तसं. ती घरातच उपसली गेली की घरच्यांवरच चालते. 1896 साली हान्स कियारी यांनी नेमकं हेच सुचवलं होतं, की या आजारात स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं.

ज्यांनी हे दुखणं भोगलंय त्यांना त्याचं वर्णन सांगायला नको. पोटाच्या वरच्या भागात कळ उठते, थेट पाठीत जाते, आडवं पडवत नाही, पुढे वाकून बसलं तर थोडं बरं वाटतं. उलट्या थांबत नाहीत. बहुतेक रुग्ण आठवडाभरात सावरतात. पण काहींमध्ये ग्रंथीचा भाग मरतो, मूत्रपिंडं आणि फुप्फुसं कोलमडतात, आणि अशा तीव्र रुग्णांत मृत्यूचं प्रमाण आजही मोठं आहे. सूज सुरू झाल्यावर ती थांबवणारं नेमकं औषध नाही. सलाईन, वेदनाशामक, योग्य वेळी अन्न आणि डोळ्यांत तेल घालून देखरेख, एवढंच हाती असतं. म्हणूनच कारण शोधायची इतकी निकड आहे. पुढचा झटका टाळता आला, तर त्याहून मोठा उपचार नाही.

जनुकांचा या गोष्टीत प्रवेश झाला तो आरोपी म्हणून. 1952 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या कम्फर्ट आणि स्टाइनबर्ग यांनी एका कुटुंबाची हकीकत लिहिली. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या स्वादुपिंडाचे झटके येत होते, तेही लहान वयापासून. अशी आणखी घराणी पुढे सापडत गेली. पिट्सबर्ग विद्यापीठातले डेव्हिड व्हिटकॉम्ब आणि त्यांचे सहकारी केंटकीच्या डोंगराळ भागातल्या अशाच एका मोठ्या घराण्याच्या मागावर होते. 1996 साली त्यांना गुणसूत्र 7 वर बिघाड सापडला. पीआरएसएस-1 या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं होतं. हे जनुक त्याच ट्रिप्सिनची कृती सांगणारं.

हा बिघाड समजायला सोपा आणि मनात राहणारा आहे. ट्रिप्सिनच्या साखळीत 122 व्या जागी आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. चुकून स्वादुपिंडातच जागं झालेलं ट्रिप्सिन त्या जागी दुसऱ्या ट्रिप्सिनला कापतं आणि प्रकरण मिटतं. ती त्याची आत्मनाशाची खाच म्हणायला हवी. या घराण्यात त्या जागी हिस्टिडिन आलेलं होतं. ट्रिप्सिनला ती जागा कापता येईना आणि जागी झालेली तलवार म्यानात परत जाईना. कियारींनी शंभर वर्षांपूर्वी केलेला तर्क एका अक्षराच्या चुकीनं सिद्ध झाला. वैद्यकाच्या इतिहासात इतका स्वच्छ पुरावा क्वचितच हाती लागतो.

पुढे यादी वाढली. 1998 साली सिस्टिक फायब्रोसिसशी संबंधित सीएफटीआर जनुकाचा हात दिसला. 2000 साली जर्मनीतल्या हायको विट यांच्या गटानं स्पिंक-1 हे जनुक पुढे आणलं. ट्रिप्सिनला आवर घालणारं प्रथिन ते बनवतं. तलवारीला बांधलेली दोरी म्हणा. ती दोरीच कच्ची असेल तर?

इथे भारताची गोष्ट येते, आणि ती मला फार मोलाची वाटते. केरळात गेल्या शतकाच्या मध्यापासून डॉ. गीवर्गीस यांनी कोवळ्या वयात होणाऱ्या स्वादुपिंडाच्या एका विकाराचे शेकडो रुग्ण पाहिले. ग्रंथीत खडे, पुढे मधुमेह, अंगावर मांस नाही. दारूचा संबंध नाही. गरिबांच्या ताटातल्या टॅपिओकावर, म्हणजे ज्याचा आपण साबुदाणा करतो त्या कंदावर, बरीच वर्षं संशय होता. कंद दिसत होता, आजार दिसत होता, आणि दोन्ही एकाच गावात नांदत होते. पण कंद न खाणाऱ्या मुलखांतही असे रुग्ण निघू लागले. मग हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत गिरिराज चांडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांची जनुकं तपासली. केंटकीच्या घराण्यातला पीआरएसएस-1 चा बिघाड त्यांना सापडला नाही. सापडला तो स्पिंक-1 मधला बदल, आणि निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. 2002 साली हे निष्कर्ष आले. अमेरिकेत सापडलेलं उत्तर जसंच्या तसं आपल्या रुग्णांना लावलं असतं तर आपण चुकीच्या दारात उभे राहिलो असतो.

स्पिंक-1 चा हाच बदल शंभरातल्या एखाद-दोन निरोगी माणसांतही आढळतो. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात कधीच त्रास होत नाही. म्हणजे कच्ची दोरी असली तरी तलवार उपसायला आणखी काहीतरी लागतं. ते काहीतरी कोणतं, हे शोधायला आरोपी जनुकं अपुरी पडतात. तिथे साक्षीदार जनुकं लागतात.

साक्षीदार कसे, ते सांगतो. समजा, सिगारेट ओढणाऱ्यांत स्वादुपिंडाची सूज जास्त दिसली. लगेच शंका येते की सिगारेट ओढणारा बऱ्याचदा दारूही पितो, मग दोष कुणाचा? मधुमेही लोकांत ती जास्त दिसली तर शंका उलट्या बाजूनं येते. सुजून सुजून खराब झालेल्या स्वादुपिंडामुळेच मधुमेह झाला नसेल कशावरून? रक्तातल्या कॅल्शियमचं तर विचारूच नका. ते फार वाढलं तर झटका येऊ शकतो, पण झटका आल्यावर तेच खाली उतरतं. रुग्णालयात काढलेल्या रक्तात दिसणारा आकडा म्हणजे घर लुटून झाल्यावर काढलेला फोटो. त्यावरून आदल्या रात्रीचं काही कळत नाही.

खरी कसोटी घ्यायची तर चिठ्ठ्या टाकून माणसांचे दोन गट करायचे आणि एका गटाला वीस वर्षं सिगारेट ओढायला लावायची. असं कुणी करू शकत नाही, करूही नये. पण चिठ्ठ्या टाकण्याचं काम निसर्ग आधीच करून बसलेला असतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आईकडे असतात, दोन बापाकडे. मुलाला दोघांकडून एकेकच मिळते, आणि कोणती मिळणार हे नाणेफेकीसारखं ठरतं. एकाच आईबापांच्या दोन भावांपैकी एकाला रक्तातली चरबी थोडी जास्त ठेवणारी प्रत मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. त्या वाटपाला घरची श्रीमंती, शिक्षण, व्यसन यातलं काहीच ठाऊक नसतं. वाटप जन्माआधीच झालेलं असतं, त्यामुळे पुढे चाळिशीत होणारा आजार मागे जाऊन ते बदलू शकत नाही. आता अशी प्रत मिळालेल्यांत स्वादुपिंडाचे झटके जास्त आढळले, तर रक्तातल्या चरबीवरचा आरोप खरा ठरण्याकडे झुकतो. या पद्धतीला मेंडेलियन रॅण्डमायझेशन म्हणतात. वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम काढणाऱ्या मेंडेल यांचं नाव तिला दिलं आहे.

कल्पना पहिल्यांदा साध्या पत्रातून आली. 1986 साली नेदरलँड्समधले मार्टिन काटान यांनी 'लॅन्सेट'ला लिहिलं. त्या काळी कमी कोलेस्टेरॉलमुळे कर्करोग होतो की काय अशी भीती पसरली होती. काटान म्हणाले, काही माणसांत एका जनुकामुळे जन्मभर कोलेस्टेरॉल कमी असतं. भीती खरी असेल तर कर्करोगाच्या रुग्णांत अशी माणसं जास्त निघायला हवीत. मोजून बघा. त्यांनी स्वतः ते मोजलं नाही. 2003 साली ब्रिस्टलमधल्या जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी पद्धतीची सविस्तर मांडणी केली, आणि मग मोठमोठ्या जनुकसंग्रहांनी तिला बळ दिलं. ब्रिटनच्या यूके बायोबँकमध्ये 40 ते 69 वयोगटातल्या पाच लाख लोकांनी आपलं रक्त आणि आयुष्यभराच्या वैद्यकीय नोंदी दिल्या. फिनलंडनं 2017 पासून फिनजेन हा तसाच प्रकल्प उभारला.

या संग्रहांनी काय सांगितलं? 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या दोन्ही देशांची माहिती एकत्र करून तपासली गेली. पित्तखड्यांकडे जनुकीय कल असलेल्यांना तीव्र स्वादुपिंडदाहाचा धोका स्पष्टपणे जास्त होता. म्हणजे रोझारिओच्या चाळणीत जे दिसलं, तेच लाखो लोकांच्या जनुकांनी पुन्हा सांगितलं. मधुमेहाची गोष्ट याहून बोधक आहे. टाइप 2 मधुमेहाकडे कल असलेल्यांतही धोका वाढलेला दिसला, पण पित्तखड्यांचा हिशेब वेगळा काढल्यावर तो बराचसा ओसरला. साखरेपेक्षा त्या माणसांच्या पित्ताशयाकडे बोट दाखवणारा हा पुरावा आहे. आणि धूम्रपान? धूम्रपानाकडे ओढणाऱ्या जनुकांनी धोका वाढवलेला दिसला. कितीतरी वर्षं सिगारेट म्हणजे दारूच्या बाजूला बसलेला निष्पाप कावळा समजली जात होती. ती समजूत आता टिकण्यासारखी नाही.

दारूबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे, कारण इथे चुकीचा निष्कर्ष काढणं फार सोपं आहे. या पद्धतीत दारूची साक्ष धूम्रपानाइतकी ठाम उमटत नाही. त्यावरून दारू निर्दोष ठरत नाही. दारूचं प्रमाण ठरवणारी जनुकं माणसामाणसांतला थोडासाच फरक समजावतात, आणि स्वादुपिंडाला धोका असतो तो मुख्यतः वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांना. मंद आवाजाच्या साक्षीदाराचं बोलणं गोंगाटात ऐकू आलं नाही, म्हणून गुन्हा घडलाच नाही असं होत नाही. उलट 2012 साली व्हिटकॉम्ब यांच्या गटानं उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचाची झडती घेतली, तेव्हा एक्स गुणसूत्रावर क्लॉडिन-2 या जनुकापाशी एक बदल सापडला. दारू पिणाऱ्यांमध्ये स्वादुपिंडाचा दीर्घ आजार होण्याशी त्याचा संबंध होता. पुरुषाकडे एक्स गुणसूत्र एकच असतं, त्यामुळे वाईट प्रत आली तर तिची भरपाई करायला दुसरी नसते. या आजारात पुरुष जास्त का दिसतात याचं एक कारण केवळ त्यांच्या पिण्यात नाही, त्यांच्या गुणसूत्रातही आहे.

आणखी एक धोका सांगायला हवा. ही पद्धत एका गृहीतकावर उभी आहे. जनुक रोगापर्यंत पोचतं ते फक्त आपण तपासत असलेल्या वाटेनं, असं ते गृहीतक. धूम्रपान सुरू करायला लावणारी म्हणून मोजलेली अनेक जनुकं खरं तर धाडसी, बेफिकीर स्वभावाची असू शकतात. तसा माणूस दारूकडेही सहज वळतो. मग चोरवाट उघडते. जाणते संशोधक म्हणून अनेक जनुकांच्या साक्षी वेगवेगळ्या रीतींनी जुळवून पाहतात, दारूचा हिशेब बाजूला काढतात आणि मगच बोलतात. अलीकडे उघड उपलब्ध आकडे घेऊन, संगणकावर दोन दिवसांत असे शोधनिबंध तयार करणाऱ्यांची रीघ लागली आहे. ते साक्षीदाराची ओळखही न पटवता निकाल लिहितात. अशा लेखनावर विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

साक्ष पक्की असेल तर ती कुठवर नेते, हे पाहायचं तर रक्तातल्या चरबीची गोष्ट ऐका. ट्रायग्लिसराइड हजारांच्या घरात गेली की रक्ताचा वरचा थर दुधासारखा पांढुरका दिसतो आणि स्वादुपिंड धोक्यात येतं, हे जुनं ज्ञान. पण मधल्या पातळीचं काय? 2016 साली कोपनहेगनमधल्या 1,16,550 लोकांच्या पाहणीत ट्रायग्लिसराइड डेसिलिटरला 443 मिलिग्रॅम किंवा अधिक असलेल्यांत हा धोका 89 पेक्षा कमी असलेल्यांच्या तुलनेत जवळजवळ नऊपट निघाला. मधल्या पायऱ्यांवरही तो चढत्या क्रमानं वाढत होता. इथेही कावळा असू शकतोच. म्हणून त्याच शहरातल्या संशोधकांनी पुढे चरबी फोडणाऱ्या लायपोप्रोटीन लायपेज या विकराच्या मार्गावरची जनुकं तपासली. त्या मार्गानं जन्मतःच चरबी जास्त ठेवणारी जनुकं असलेल्यांना झटकेही जास्त येत होते.

याच मार्गावर एपीओसी-3 नावाचं जनुक लायपेजच्या वाटेत आडवं येतं. 2008 साली पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यातल्या आमिश समाजात एक नवल दिसलं. ही मंडळी जुन्या रीतीनं शेती करणारी, आपापसांतच लग्न करणारी. त्यांच्यातल्या सुमारे 5 टक्के लोकांत या जनुकाची एक प्रत मुळातच बंद होती. त्यांची ट्रायग्लिसराइड खूपच कमी होती आणि तब्येत उत्तम होती. निसर्गानं एक औषध माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरून दाखवलं होतं. ते बनवायचं तेवढं बाकी होतं. ओलेझार्सन हे इंजेक्शन यकृतात एपीओसी-3 चा संदेशच गाठून नष्ट करतं. ज्यांचं लायपेज जन्मतः काम करत नाही अशा 66 रुग्णांवर त्याची चाचणी झाली. वर्षभरात औषध न मिळालेल्या गटात स्वादुपिंडदाहाचे 11 झटके आले. औषधाच्या दोन गटांत प्रत्येकी एकच. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं अशा रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली. ज्यांना जेवणातला एक चमचा तूपही मोजून खावं लागतं आणि तरी रुग्णालय चुकत नाही, त्यांच्यासाठी या दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे हातात आलेलं आयुष्य आहे.

आणि आता आपल्याकडे वळतो. ज्या संग्रहांची साक्ष वर काढली, ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. स्पिंक-1 नं दाखवून दिलं आहे की आपल्या रुग्णांची गोष्ट वेगळी असू शकते. जीनोम इंडिया प्रकल्पानं देशभरातल्या 83 समाजगटांतल्या सुमारे 10,000 निरोगी भारतीयांचे जनुकसंच वाचले आणि जानेवारी 2025 मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. सुरुवात चांगली आहे. पण साक्ष देण्यासाठी नुसती जनुकं पुरत नाहीत. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षांच्या वैद्यकीय नोंदी लागतात. कोण आजारी पडलं, कधी पडलं, सोनोग्राफीत खडा होता का, सिगारेट होती का, ट्रायग्लिसराइड किती होती, हे सगळं. यूके बायोबँकेची ताकद या नोंदींत आहे.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सांगतो. घरात कुणाला स्वादुपिंडाचा झटका येऊन गेला असेल, तर कारण सापडल्याशिवाय स्वस्थ बसू नका. पित्ताशयाची सोनोग्राफी आणि ट्रायग्लिसराइडची तपासणी झाली का ते डॉक्टरांना विचारा, आणि दारूबरोबर सिगारेट-बिडीही सोडा. आणि एखाद्या नामांकित संस्थेनं नीट संमती घेऊन अशा अभ्यासासाठी रक्ताचा नमुना आणि तुमचे जुने रिपोर्ट मागितले, तर नाही म्हणू नका. जुन्या रिपोर्टांची फाईल जपून ठेवा.